वर्षाला २,६४० युनिट: गच्चीवर सोलर २ किलोवॅट पुरे की ३ घ्यावं?

गच्चीवाला नाशिककर: बारा महिन्यांची बिलं काढून बेरीज केली. २,६४० युनिट, म्हणजे महिना २२०. एजंट ३ किलोवॅटवर अडून बसलाय, १ लाख ९५ हजार सांगतो. मी म्हणतो २ बास. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तरी वर्षाला २,९०० होतात. २ चं कोटेशन १ लाख ४० हजार. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सोलर सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटना ३०-३० हजार, तिसऱ्याला १८ हजारच. वरचे ५५ हजार कशाला अडकवू?

स्कूटरवाली: ५५ नाही हो, ३७! ते १८ वजा कोण करणार? आणि वापर आजचाच धरलात. आमच्याकडे आधी इंडक्शन आली, मग स्कूटर, मग मे महिन्यात एसी. आता पॅनल वाढवायचे तर इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारा) लहान पडतोय, अर्जही पुन्हा करायचा. दोनदा मजुरी भरतेय.

एफडीवाले काका: मी दोघांच्याही विरोधात. पैसे आधी पूर्ण मोजायचे, सबसिडी नंतर खात्यात. बिल शून्यावर आलं तरी स्थिर आकार सुटत नाही. इन्व्हर्टर पंचवीस वर्षं टिकत नाही, तो खर्च कुणी धरतच नाही. शिवाय गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी, नाहीतर पॅनल उतरवा, परत चढवा.

गच्चीवाला नाशिककर: ३७ मान्य, चूक माझी. पण काका, तुमचं म्हणणं १०० युनिटच्या आतल्यांना लागू. माझे वरचे १२० महाग स्लॅबमधले, आधी तेच वाचतात. सबसिडीनंतर ८० हजार राहतात, त्यावर ७ टक्क्यांनी वर्षाला ५,६०० व्याज. माझं एका उन्हाळी महिन्याचं बिलच त्याच्या निम्म्याच्या पुढे जातं! आणि ताई, ३ घेऊन स्कूटर आलीच नाही तर? वापरून उरलेले युनिट लाइनमध्ये जातात, पण मार्चअखेर ते आपल्या बिलाच्या दराने कोणी घेत नाही.

स्कूटरवाली: येईल, पेट्रोलच आणवेल.

वायरमनचा पोरगा: भांडा खुशाल, पण लाइट गेली की ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली, सिस्टीमही बंद पडते, लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. बॅटरी हवी असेल तर बजेट वेगळं. आणि सावली बघितली का? एका पॅनलवर पडली तरी अख्ख्या ओळीचं उत्पादन घसरू शकतं.

गच्चीवाला नाशिककर: पाण्याची टाकी नेमकी दक्षिणेला आहे, म्हणजे तिची सावली पॅनलवरच. हलवायला प्लंबर काय घेतो हो?