मदत हवी आहे: लायब्ररीत प्रदर्शन आहे, जलरंगांचं काय करू?
आमच्या ग्रुपमधल्या सहा जणांची चित्रं सार्वजनिक लायब्ररीत महिनाभर लावायची परवानगी मिळालीय, खूप आनंद झालाय कारण गॅलरीत कधी पाऊल न टाकणारी माणसं पण तिथे रोज येतात, पेपर वाचता वाचता मान वर केली की समोर चित्र! पण भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत आणि रिकामी भिंत नेमकी मोठ्या खिडकीसमोर आहे. तैलरंग, अ‍ॅक्रिलिकचं एवढं टेन्शन नाही, पण चौघांचं काम जलरंगात आहे आणि कागदावरच्या कामाला म्युझियमवाले साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश देत नाहीत, इथे तर दुपारी थेट ऊन येतं. उडालेला रंग परत येत नाही हो. खिडकीला यूव्ही फिल्म (उन्हातले अतिनील किरण अडवणारी) लावली तरी नुसत्या उजेडाने पण रंग उडतोच ना, मग पडदे लावू की सरळ प्रिंट लावून मूळ चित्रं घरी ठेवू? मला तर लोकांनी मूळ चित्रच बघावं असं फार वाटतं. आणि खिळ्यांशिवाय फ्रेम कशा टांगल्या तुम्ही, वरून रेल आणि वायर की स्टँड? वाचत बसलेल्यांना अडचण पण व्हायला नको. कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.