रवा इडली विसरलात की!
कुणीतरी लिहिलंय की बंगळूरला गेलात तर फक्त डोसा खा, बाकी सगळी हाइप. अहो, मग लालबाग रोडवरच्या एमटीआरची (मावळ्ळी टिफिन रूम्स) रवा इडली राहिलीच की! १९२४ पासूनचं हॉटेल, दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून रव्याची इडली केली असं तेच सांगतात. आम्ही रविवारी सकाळी पाऊण तास नंबर लागायची वाट बघत बसलो, बायको जाम वैतागलेली, आणि मग आली इडली, वर काजू चिकटलेला, आत मोहरी नि कढीपत्ता दिसतोय, सोबत बटाट्याचं सागू (म्हणजे रस्साभाजी) आणि इवल्याशा वाटीत पातळ गरम तूप, ते ओतलं की इडली अक्षरशः पिऊनच टाकते. (डाएटवाल्यांनी लांब राहा.) बायकोने दुसरी प्लेट मागवली, मला विचारलंसुद्धा नाही.