वैद्यकीय शिक्षणात लैंगिक अल्पसंख्याकांविषयी आपण काय पाहिले, काय ऐकले?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ३१ ऑगस्ट २०२४ रोजी एमबीबीएसचा सुधारित अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, तेव्हा न्यायवैद्यकशास्त्रात स्त्री-समलैंगिकता आणि गुदमैथुन यांची नोंद पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’खाली आली होती. वास्तविक प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजीच गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले होते आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर २०२२ मध्ये हा मजकूर वगळलाही गेला होता. टीका झाल्यावर ५ सप्टेंबरला तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला आणि १२ सप्टेंबरला दुरुस्त आवृत्ती आली. अभ्यासक्रम पत्रक काढून बदलता येतो. विद्यार्थी मात्र वरिष्ठ रुग्णाशी कसे बोलतात हे पाहून शिकतात. म्हणून विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि शिक्षक यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. संस्थेची, सहकाऱ्याची किंवा रुग्णाची ओळख पटेल असे काही लिहू नये.

इंटर्न, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय

रात्रपाळीत अपघात विभागात एक पारलिंगी स्त्री पोटदुखीने कळवळत आली. नोंदणीच्या खिडकीवर केसपेपरवर आधी ‘पुरुष’ लिहिले गेले, मग ते खोडून ‘स्त्री’ आणि शेवटी त्यापुढे प्रश्नचिन्ह. दुखणे उजवीकडे खाली सरकले होते, ताप होता; अपेंडिक्सची शंका प्रथम वर्षाच्या निवासी डॉक्टरांनाही आली होती. तरीही पुरुष कक्षाच्या सिस्टर म्हणाल्या, स्त्री कक्षात न्या. स्त्री कक्षातून उत्तर आले, आमच्याकडे नको. ट्रॉली दोन्ही कक्षांमधल्या बोळात उभी राहिली आणि ज्यांचे तेथे काही काम नव्हते असे आमच्याच तुकडीतले काही जण ‘केस बघायला’ येऊन हसून गेले. वेदनाशामक इंजेक्शन लिहिलेले होते, पण रुग्ण कोणत्या कक्षाची हेच ठरत नसल्याने ते द्यायचे कोणी हा प्रश्न होता. अखेर स्त्री कक्षातल्या मावशींनी कोपऱ्यातली खाट ओढली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “पडदा लावा आधी. बाई आहे ती, आणि तिला दुखतंय.”

स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये मान्य केला आहे. त्या बोळात उभ्या असलेल्या आम्हा भावी डॉक्टरांपैकी किती जणांना तो निकाल ठाऊक होता, याची मला शंकाच वाटते. मावशींना तो ठाऊक असण्याची गरज पडली नाही.

अंतिम वर्षाची विद्यार्थिनी

मी समलैंगिक आहे. न्यायवैद्यकशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मला ‘लैंगिक विकृती सांगा’ असा प्रश्न आला. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत त्या यादीत मीही होते. गुण हवे असतील तर स्वतःला विकृतींमध्ये मोजून दाखवणे भाग होते. परीक्षक अत्यंत सौजन्याने वागले, “छान तयारी आहे” असेही म्हणाले. ते वाक्य मला अजूनही सहन होत नाही.

मानसोपचार विभागातील अध्यापक

ओपीडीत एक आईवडील मुलाला घेऊन आले, “डॉक्टरसाहेब, याला नीट करा” म्हणून. मुलगा मान खाली घालून बसला होता. मी विद्यार्थ्यांना बाहेर पाठवले आणि आधी मुलाशी एकट्याने बोललो. त्याच्या संमतीनंतरच विद्यार्थ्यांना आत घेतले आणि पालकांना सांगितले की समलैंगिकता हा आजार नाही, त्यामुळे उपचारही नाही. “मग लग्न लावून दिलं तर?” आईने विचारले. “ताई, त्या दुसऱ्या मुलीचं काय होईल?” एवढेच मी म्हणालो आणि त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

ते गेल्यावर वर्गातल्या अतिशय हुशार विद्यार्थ्याने विचारले, “सर, हार्मोन्स देऊन पाहता येणार नाही का?” जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, हे त्याने पाठ केलेले होते. पाठांतर आणि समजूत यांच्यात एवढे अंतर राहू शकते, याची शिक्षक म्हणून मला फार चिंता वाटते. असे ‘परिवर्तन उपचार’ करणे हे २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे मी त्याला सांगितले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या मुलाची झोप, भूक आणि आत्महत्येचे विचार यांविषयी काय विचारायला हवे होते, यावर आम्ही उरलेला तास घालवला.

द्वितीय वर्षाचा विद्यार्थी

रक्तदात्यांच्या निवडीविषयीच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि पारलिंगी व्यक्ती यांना रक्तदान करता येत नाही. महाविद्यालयाच्या शिबिरात मी नेहमी नोंदणीच्या टेबलावर बसतो, कारण टेबलामागच्या माणसाला “तू का देत नाहीस?” असे कोणी विचारत नाही.

जनऔषधवैद्यकशास्त्र विभागातील अध्यापिका

आम्ही एका सत्रासाठी पारलिंगी कार्यकर्त्यांना बोलावले आणि विद्यार्थ्यांकडून निनावी चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवले. पहिल्या चिठ्ठ्या शरीराविषयीच्या कुतूहलाच्या होत्या, काही तर सरळ अपमानकारक. पाहुण्यांनी त्याही शांतपणे वाचल्या. मग त्यांच्यापैकी एकीने सांगितले की क्षयाचे औषध सुरू झाल्यावर तिच्या हार्मोन्सचा परिणाम कमी झाल्यासारखा वाटत होता, पण दवाखान्यात ते कोणाला सांगण्याची तिला हिंमत झाली नाही. वर्ग एकदम सावध झाला. क्षयावरच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, हे याच मुलांनी दुसऱ्या वर्षी शिकलेले होते; इस्ट्रोजेन घेणाऱ्या रुग्णालाही तेच लागू पडते, हे मागच्या बाकावरून कोणीतरी बोलून दाखवले. त्यानंतरच्या चिठ्ठ्यांवरचे प्रश्न निराळे होते : मात्रा कोण ठरवते, रक्ताच्या गुठळीची लक्षणे दिसल्यास कोठे जाता, केसपेपरवर कोणते नाव लिहिलेले तुम्हाला हवे असते?