मदत हवी आहे: ऐकण्याचे प्रयोग शिकवायला नेमके आवाज बनवणारं मोफत सॉफ्टवेअर

नमस्कार मंडळी,

मी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला ध्वनिशास्त्र शिकवते. आमच्याकडे लहरी, अनुनाद, डॉप्लर सगळं होतं, पण आवाज कानात शिरल्यावर पुढे काय होतं ते राहूनच जातं. यंदा मुलांनी स्वतः आवाज बनवायचे, ऐकायचे आणि त्यावर वाद घालायचा असं ठरवलं आहे.

सुरुवात 'हरवलेल्या मूळ स्वरा'पासून केली. ८००, १००० आणि १२०० हर्ट्झचे तीन शुद्ध टोन एकत्र वाजवले की २०० हर्ट्झच्या उंचीचा स्वर ऐकू येतो. प्रत्यक्षात २०० तिथे नसतोच. जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पलीकडे जायचं, तरी सव्वाशे हर्ट्झच्या आसपासचा पुरुषी आवाज फोनवरही खर्जातलाच वाटायचा, हे उदाहरण दिलं की मुलांना लगेच पटतं.

ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये तीन ट्रॅकवर तीन टोन तयार करून ऐकवले. स्वर छान ऐकू आला, आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, १००० वजा ८०० म्हणजे २००च ना? मग तो स्पीकरमध्येच तयार होत असेल. कानाचा काय संबंध?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मोठ्या आवाजात स्पीकरमध्ये, आणि कानाच्या आतही, असे फरकाचे टोन खरोखर तयार होतात. त्याला 'पुस्तकात तसं दिलंय' हे उत्तर मला द्यायचं नाही. ऐकण्यावर संशोधन करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ लिकलायडर यांनी १९५४ मध्ये याच शंकेचा निकाल लावला होता. खालच्या फ्रिक्वेन्सींमध्ये नॉइज, म्हणजे नुसता खरखराट, भरायचा. खरा २०० हर्ट्झचा टोन त्यात बुडून जातो, पण वरच्या तीन टोनमधून जाणवणारा स्वर बुडत नाही. हाच प्रयोग मला वर्गात करून दाखवायचा आहे.

अडलंय ते नॉइज आणि टोन यांच्या प्रमाणात. ऑडॅसिटीत नॉइज बनवून लो-पास (फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी ठेवणारा) फिल्टर लावला की त्याची पातळी उतरते, मग कुणी नॉर्मलाइझ करतं (पातळी ठरावीक आकड्यापर्यंत वाढवतं), कुणी नुसता स्लायडर ओढतं, आणि प्रत्येकाची फाइल वेगळी निघते. मला आकडे भरून आवाज बनवणारं काहीतरी हवं आहे, म्हणजे पुढच्या वर्षी तेच आकडे भरले की तोच आवाज मिळेल. मॅटलॅबचा परवाना आमच्याकडे नाही, पायथन वर्गात एकदोघांनाच येतं. लॅबचे पीसी जुने आहेत, नेटचा भरवसा नाही, आणि काही इन्स्टॉल करायचं तर पासवर्डसाठी ऑफिसात खेटे घालावे लागतात.

आणखी एक. मुलं हेडफोन लावणार आहेत. आवाज किती मोठा आहे हे सॉफ्टवेअरवरून कळतं का?

प्रतिसाद

मॅडम, तुमचं काम प्रात (Praat) या सॉफ्टवेअरमध्ये होईल. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं आहे, मोफत आहे. विंडोजवर एकच फाइल असते, पेन ड्राइव्हवरून थेट चालते, इन्स्टॉल करावं लागत नाही. भाषाशास्त्रवाले ते बोलणं तपासायला वापरतात, त्यामुळे भौतिकशास्त्रात फारसं कुणाला ठाऊक नसतं.

'न्यू'खालच्या 'साउंड'मध्ये 'क्रिएट साउंड ॲज टोन कॉम्प्लेक्स' आहे. फ्रिक्वेन्सी स्टेप २००, पहिली फ्रिक्वेन्सी ८००, घटक ३ एवढं भरलं की तुमचा आवाज तयार. नॉइजसाठी 'क्रिएट साउंड फ्रॉम फॉर्म्युला', मग फिल्टरमधला 'पास हान बँड' लावून ० ते ४०० एवढंच ठेवा. दोन्हींचा सॅम्पलिंग रेट ४४१०० ठेवा. दोन्ही निवडून 'कम्बाइन टू स्टिरिओ', त्यावर 'कन्व्हर्ट टू मोनो'. मोनो करताना दोन्ही चॅनेलची सरासरी निघते, म्हणजे दोघांचीही पातळी सारखीच निम्मी होते आणि त्यांच्यातलं प्रमाण हलत नाही. 'स्केल पीक' (सगळ्यात उंच शिखर ठरावीक पातळीवर आणणं) वापरायचं तर सगळं मिसळून झाल्यावरच. आधी प्रत्येकाला वेगळं लावलं तर प्रमाण गेलंच.

ताडून पाहायला एक फाइल जास्तीची करा: तोच नॉइज, त्यात खरा २०० हर्ट्झचा टोन, वरच्या टोनांच्या एकदशांश ॲम्प्लिट्यूडचा. तो ऐकू येत नसेल तरच तुमचा नॉइज पुरेसा आहे. हे न दाखवता पुढे गेलात तर मागच्या बाकावरचा पुन्हा हात वर करेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

नॉइज नको असेल तर याहून सोपा पुरावा आहे. पहिली फ्रिक्वेन्सी ८०० ऐवजी ८४० करा, स्टेप २००च. आता ८४०, १०४० आणि १२४० झाले. फरक अजूनही २००च, म्हणजे स्पीकर फरकाचा टोन बनवत असेल तर स्वर तसूभरही हलायला नको. पण तो वर सरकतो, २०८ च्या आसपास जातो. अर्ध्या सुरापेक्षा थोडी कमी चढण आहे. वर्गात गाणं शिकणारी एखादी मुलगी असेल तर ती लगेच सांगेल.

प्रतिसाद

मी ऑडिओलॉजीत काम करते, म्हणून हेडफोनबद्दल. सॉफ्टवेअरला खरी पातळी कळत नाही. प्रातमध्ये 'स्केल इंटेन्सिटी'त ७० डेसिबल भरले म्हणजे कानात ७० डेसिबल पोचले असं मुळीच नाही. ॲम्प्लिट्यूड पास्कलमध्ये आहे असं धरून प्रात तो हिशोब करतं. तुमचं साउंड कार्ड, व्हॉल्यूम आणि हेडफोन त्याला दिसत नाहीत. खरं मोजायचं तर कपलर (हेडफोन बसवायचा कृत्रिम कान) आणि ध्वनिपातळी मापक लागतो, मोबाइलवरचं ॲप हेडफोनला टेकवून काही हाती लागत नाही. तुमच्या प्रयोगाला खरे डेसिबल नकोतच, प्रमाण पुरे आहे. आवाज अगदी लहान ठेवून सुरू करा, शेजारी बसलेल्याचं साधं बोलणं हेडफोनमधूनही ऐकू आलं पाहिजे. पहिल्यांदा तुम्ही स्वतः ऐका, मगच मुलांना द्या.

टोन एकदम सुरू-बंद केले की टक्क असा आवाज येतो आणि त्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी शिरतात, २०० सुद्धा. सुरुवातीला आणि शेवटी १०-२० मिलिसेकंदांचा चढ-उतार द्या. ब्लूटूथ हेडफोन नकोत, एमपी३ही नको. दोन्हींत आवाज दाबला जातो, आणि एमपी३ तर 'हे कानाला ऐकू येणार नाही' असं ठरवूनच भाग गाळतं. ऐकण्याच्या प्रयोगात तेच तर तपासायचं असतं! वेव्ह फाइल ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवलीत तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रतिसाद

सगळ्यांना स्वर लगेच ऐकू येत नाही, काहींना तीन सुटे टोनच ऐकू येतात. त्यांच्यासाठी सा-रे करून बघा. सा म्हणजे ८००, १०००, १२००. रे म्हणजे ६७५, ९००, ११२५, त्याचा हरवलेला मूळ स्वर २२५. तिन्ही टोन खाली उतरतात आणि सूर मात्र वर चढतो. 'चढला की उतरला?' एवढंच विचारून हात वर करायला सांगा. दोन्हीकडे हात दिसले तर घाबरू नका, दोन्ही तऱ्हेने ऐकणारी माणसं असतात.

धागाकर्ती

सर, ताई, मनापासून आभार. प्रात लॅबच्या पीसीवर पासवर्डशिवाय उघडलं. ८४० वाली फाइल ऐकवली तेव्हा शंका काढणाऱ्या मुलाने लगेच ८६० आणि ८८० करून पाहायचं म्हटलं, स्वर कुठवर चढतो ते बघायला. ते काम त्यालाच दिलं आहे. नॉइजचा प्रयोग पुढच्या प्रात्यक्षिकाला.

आता एक विचारते. ओठ उघडणं आणि स्वरतंतू थरथरू लागणं यांच्यामधला काळ थोडा थोडा बदलत प पासून ब पर्यंत आवाजांची मालिका बनवायची आहे, कुठल्या ठिकाणी प चा ब होतो ते मुलांनी ऐकून ठरवायचं. इंग्रजीसाठी असे बरेच प्रयोग वाचले, पण आपल्याकडे प, फ, ब, भ असे चौघे आहेत, नुसता काळ बदलून भागणार नाही. प्रातमध्ये मराठी आवाजावर हे कुणी केलं असेल तर कुठून सुरुवात करू ते सांगा.