उशीसारखी वाढणारी पर्वतीय फुले: सायलीन की फ्लॉक्स?

प्रश्न

रॉकी पर्वतात वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या) वर, सुमारे ३,६०० मीटर उंचीवरील कोरड्या, खडकाळ उतारांवर काढलेली छायाचित्रे लावताना माझी दोन वनस्पतींमध्ये सारखी गल्लत होत आहे. दोन्ही जमिनीला चिकटून हिरव्या उशीसारख्या वाढतात, दोन्हींची पाने बारीक आणि समोरासमोर आहेत, फुलेही पाच पाकळ्यांची आहेत. एक सायलीन अकॉलिस आणि दुसरी फ्लॉक्स असावी. गुलाबी ती सायलीन आणि पांढरी ती फ्लॉक्स, असा नियम मी मनाशी धरला होता. परंतु एका उशीवरील फुले अगदी फिकट गुलाबी निघाल्याने तो डळमळला आहे. खात्रीची खूण कोणती मानावी?

उत्तर १

रंगावर विसंबू नये. सायलीन कधीकधी पांढरी फुलते, तर फ्लॉक्समध्ये फिकट निळ्या-गुलाबी छटा आढळतात. खरा फरक पाकळ्यांच्या तळाशी आहे. फ्लॉक्सच्या पाकळ्या खाली जुळून त्यांची अरुंद नळी होते, म्हणून गळालेले फूल नळीसकट एकसंध मिळते. सायलीनच्या पाकळ्या तळापर्यंत सुट्या असतात आणि बहुधा टोकाशी किंचित खाचलेल्या असतात. मात्र सायलीनचे निदल (पाकळ्यांखालचे बाहेरचे आवरण) जुळलेले असल्याने बाजूने पाहिल्यास तेथेही नळीच दिसते, आणि बहुतेकांची फसगत होते ती येथेच.

उत्तर २

वरील माहितीला भिंगाची जोड द्यावी. फ्लॉक्समध्ये पाच पुंकेसर (परागकण असलेले नर भाग) नळीच्या आत कमी-अधिक उंचीवर चिकटलेले असतात. सायलीनमध्ये दहा पुंकेसर आणि तीन सुटे कुक्षीवृंत (मादी भागाचे बारीक दांडे) असतात. तथापि सायलीनच्या काही उशांवर केवळ मादी फुले येतात व त्यांत पुंकेसर खुरटलेले असतात, त्यामुळे दहा मोजता आले नाहीत एवढ्यावरून सायलीन नाकारू नये. तपासणीसाठी उशी उपटू नये, ही विनंती. सायलीनची उशी अत्यंत सावकाश वाढते आणि शंभर वर्षांहून जुनी असू शकते. उशीवर अडकलेले एखादे गळालेले फूल पुरेसे होते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. फिकट गुलाबी फुलांच्या पाकळ्या सुट्या व खाचलेल्या आहेत, म्हणजे ती सायलीन ठरते. आता आणखी एक अडचण आहे: जिला मी फ्लॉक्स म्हणत होतो, तिच्या एका छायाचित्रात पांढऱ्या फुलाच्या मध्यभागी पिवळे कडे आहे, आणि शेजारच्या फुलात तेच कडे लालसर दिसते.

उत्तर २

मग ती बहुधा अँड्रोसेस ही तिसरीच वनस्पती असावी. तिच्या फुलातील पिवळे कडे फूल जुने होत जाताना लालसर होते. पाने पाहावीत: अँड्रोसेसची पाने समोरासमोर नसून लहान चक्राकार गुच्छांत असतात, आणि अँड्रोसेस कॅमीजास्मीमध्ये त्या गुच्छातून निघालेल्या आखूड दांड्याच्या टोकाशी फुलांचा झुबका येतो. येथेही पाकळ्या तळाशी जुळलेल्याच असतात, तेव्हा नळी दिसली म्हणून लगेच फ्लॉक्स म्हणू नये.