मदत हवी आहे : 'टिकट टू राइड'च्या भारत नकाशात मंडलाच्या दोन वाटा एकाच शहरातून गेल्या तर?

नमस्कार मंडळी,

'टिकट टू राइड' या शहरं रेल्वेमार्गांनी जोडायच्या पटावरच्या खेळाचा भारत-स्वित्झर्लंड नकाशासंच ज्यांनी खेळला आहे, त्यांच्याकडून एका नियमाचा खुलासा हवा आहे. नागपूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, त्यामुळे रविवारी कूलरसमोर पट मांडतो. मी, बाबा आणि भाचा. मागच्या डावात मंडलावरून जे अडलं ते अजून सुटलेलं नाही.

नकाशा माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. मार्ग घेतला की त्यावर मांडायचे डबे आणि रंगीत पत्ते मूळ खेळातलेच वापरायचे. तिकीट म्हणजे जोडायची दोन शहरं दिलेला पत्ता. वेगळेपण आहे ते मंडलाचं. पूर्ण केलेल्या तिकिटाची दोन्ही शहरं तुमच्याच डब्यांनी दोन स्वतंत्र वाटांनी जोडलेली असतील, तर ते तिकीट मंडलात धरतात. असं एक तिकीट असेल तर ५ गुण, दोन असतील तर १०, तीनला २०, चारला ३० आणि पाच किंवा त्याहून जास्त असतील तर ४०. तिसऱ्या तिकिटाने एकदम १० गुण वाढतात, म्हणून एकेका तिकिटावर डाव फिरतो.

बाबांनी तीन तिकिटं मंडलात धरली. त्यातल्या एकाच्या दोन वाटा मध्येच जबलपूरला एकमेकींना छेदत होत्या. डबा एकही सामाईक नाही, पण जबलपूर दोन्हीत. भाचा म्हणाला, "मामा, मधात एकच शहर दोनदा आलं तर वाटा वेगळ्या कशा?" बाबांची सगळी नोकरी रेल्वेत, अजनीला गेली. ते म्हणाले, "अरे, आपल्या डायमंड क्रॉसिंगवर हावड्याकडून येणारा रूळ उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रुळाला कापून जातो. म्हणून काय ते दोन मार्ग एक झाले?"

मला बाबांचं पटतं. सर्वांत लांब सलग मार्गाचा १० गुणांचा बोनस मोजताना त्याच शहरातून पुन्हा गेलेलं चालतं, फक्त एकच डबा दोनदा मोजायचा नसतो. पण तो नियम त्या बोनसचा. मंडलाला तोच लावायचा, हे मी घरच्या घरी ठरवू शकत नाही. भाचा नियमाला धरून खेळणारा पोरगा आहे. आजोबा म्हणतात म्हणून मान्य कर, असं त्याला सांगणं मला बरोबर वाटत नाही. त्याच्यासमोर पक्कं उत्तर ठेवायचं आहे.

जाता जाता आणखी एक. दोन शहरांमध्ये समांतर जोडमार्ग असेल, तर त्याच्या दोन्ही पट्ट्या एकट्याने घेऊन दोन वाटा दाखवता येतात का?

प्रतिसाद १

भाऊ, बाबांचं बरोबर आहे. दोन वाटांमध्ये शहर सामाईक असलं तरी चालतं, डब्यांचा तुकडा, म्हणजे लगतच्या दोन शहरांमधला मार्ग, सामाईक असलेला चालत नाही. जबलपूरला वाटा कापल्या म्हणून काही बिघडत नाही.

मात्र लोक चुकतात ते टोकाला. गोल फेरा सुंदर झालेला असतो, पण तिकिटावरचं शहर फेऱ्याच्या बाहेर असतं आणि तिथे जायला तुमचा एकच तुकडा असतो. दोन्ही वाटा त्याच तुकड्यावरून जाणार, म्हणजे मंडल नाही. आधी दोन्ही टोकाच्या शहरांत तुमचे किमान दोन तुकडे शिरतात का ते बघा. नसतील तर पुढे मोजायचं कामच नाही.

आणि प्रत्येक तिकीट स्वतंत्र तपासायचं. एका तिकिटाला वापरलेले डबे दुसऱ्या तिकिटालाही चालतात. म्हणून मोठा फेरा आधी आखून त्यावरच्या शहरांची तिकिटं ठेवणारा इथे भारी पडतो.

प्रतिसाद २

जोडमार्गाचं उत्तर : नाही. दोघे किंवा तिघे असाल तर एक पट्टी गेली की दुसरी सगळ्यांना बंद. चौघे असताना दोन्ही उघड्या, पण एकाच खेळाडूला दोन्ही घेता येत नाहीत.

तपासायची आमच्या घरची रीत सांगतो. पहिल्या वाटेच्या प्रत्येक डब्यावर तुरीचा एकेक दाणा ठेवायचा. मग दाणा नसलेल्या डब्यांवरूनच दुसऱ्या शहरापर्यंत पोचता येतं का ते बोटाने बघायचं. नाही पोचलं तर लगेच सोडू नका, दाणे उचलून पहिली वाट दुसरीकडून घेऊन बघा. पुष्कळदा पहिली वाटच आडवी आलेली असते. समुद्रातल्या फेरीचा मार्गही यात इतरांसारखाच मोजायचा. तो घेताना जितकी इंजिनाची चिन्हं तितके इंजिनाचे पत्ते द्यावे लागतात, एवढाच फरक.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डाव उचलण्याआधी भाच्याने पटाचा फोटो काढला होता. त्यावरून पट पुन्हा मांडला आणि दाणे ठेवून तिघांनी मिळून तपासलं. जबलपूरचं तिकीट मंडलात बसतं. पण बाबांच्याच दुसऱ्या एका तिकिटाच्या टोकाच्या शहरात त्यांचा एकच तुकडा शिरतो, ते बसत नाही. म्हणजे तीन नाही, दोनच. २० च्या जागी १० गुण. बाबांनी स्वतःच वही घेऊन आकडा बदलला. पुढच्या डावाला शेजारचे काका चौथे गडी म्हणून येणार आहेत, तेव्हा जोडमार्गांच्या दोन्ही पट्ट्या उघड्या ठेवून खेळू.