फवारणीच्या विषबाधेनंतर तिसऱ्या आठवड्यात पाय लुळे पडू शकतात का?

पांढरीचा शेतकरी:
कपाशीवर फवारणी करताना माझ्या काकांना विषबाधा झाली. लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या ही लक्षणे अॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाने ओसरली आणि ते घरी आले. आता तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या दुखतात, तळव्यांना मुंग्या येतात आणि चालताना चवडा उचलला जात नाही. फवारलेले कीटकनाशक क्लोरपायरिफॉस होते. गावात सगळे याला अशक्तपणा म्हणतात. ते खरे असावे का?

डॉ. मेंदूविकार:
केवळ अशक्तपणा समजून थांबू नका, त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. क्लोरपायरिफॉस ज्यात मोडते त्या ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) निकामी करतात. त्यामुळे नसांच्या टोकाशी अॅसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन साचत राहते आणि ग्रंथी व स्नायूंना संदेश थांबतच नाहीत. अॅट्रोपिन लाळ, घाम आणि छातीतील स्राव आवरते, परंतु स्नायूंच्या दुर्बलतेवर त्याचा उपयोग होत नाही. म्हणूनच एक ते चार दिवसांत मान उचलता न येणे किंवा श्वास अपुरा पडणे हा वेगळा धोका असतो.

काकांची लक्षणे याहूनही उशिराच्या, तिसऱ्या प्रकाराशी जुळतात. या गटातील काही रसायने नसांमधील आणखी एका विकराला कायमचे बांधून ठेवतात आणि एक ते तीन आठवड्यांनी सर्वांत लांब नसा, म्हणजे पायांच्या, टोकाकडून झिजू लागतात. १९३० साली अमेरिकेत आल्याच्या अर्कात अशाच एका फॉस्फेटची भेसळ झाल्याने हजारो लोकांचे पाय लुळे पडले होते. क्लोरपायरिफॉसच्या तीव्र विषबाधेनंतरही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. नसांची विद्युत तपासणी करून घ्या, कारण मधुमेहासारखी अन्य कारणेही वगळावी लागतात. झिजलेल्या नसा पूर्ववत करणारे औषध नाही. व्यायामोपचार मात्र लवकर सुरू करावेत.

कपाशीवाला:
२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीमुळे शेकडो लोक रुग्णालयात गेले आणि अनेकांचे जीव गेले. तेव्हा पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा थेट तोंडावर येत होता. घामाने भिजलेला सदरा विष अंगावर धरून ठेवतो, हे मजुराला कोणी सांगतच नाही, याचा मला राग येतो.

पांढरीचा शेतकरी:
मनापासून आभार. उद्याच त्यांना नागपूरला नेतो. सोबत काय न्यावे?

डॉ. मेंदूविकार:
औषधाची रिकामी बाटली किंवा तिच्या लेबलचे छायाचित्र, रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद आणि फवारणीची तारीख.